ढेरपोट्या राक्षस

मिलिटरी नर्सिंगला निवड झालेली समीक्षा बॅग दारात ठेवून मारामारीचा गेम लावून बसली. “आज्जी, मिरजेची जीप येईस्तोवर एक डाव. तुझा गडी निवड.” राहीबाईंनी नेहमीचा शेवाळी, ढेरपोट्या राक्षस घेतला. “त्यो कशाला? लय ढिला हाय. त्याचा ठोसा पोचंस्तोवर समोरचा जेवून येतोय!” “पर लवकर मरत न्हाई.” “तेवढाच गुण!” “मला तेवढा बास.” आईवेगळी नात राहीबाईंनी एकटीनं वाढवली, हा खेळ नातीनं त्यांना शिकवला. आजवर त्या एकदाही जिंकल्या नव्हत्या, फक्त डाव लांबवायच्या. आजही राक्षसानं मार खात तग धरला. बाहेर हॉर्न वाजला. समीक्षानं आपला रिमोट मांडीवर ठेवला. “मार आता, आज्जी.” राहीबाईंचा अंगठा बटणावर अडला. हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी बटण दाबलं. समीक्षा पाया पडून निघाली. पडद्यावर जिंकलेला राक्षस एकटाच नाचत राहिला.