काला अंबचं मूळ

संक्रांतीला पानिपतला काला अंबच्या, म्हणजे मराठ्यांच्या रक्ताने काळा पडला म्हणतात त्या आंब्याच्या जागेच्या दर्शनाला गेलो, तेव्हा शेताच्या कडेला पडलेलं एक वाळलेलं मूळ मी आठवण म्हणून घरी आणलं. नातीच्या माशांच्या नव्या काचेच्या टाकीसाठी ते तीनदा उकळलं. पाणी दरवेळी लाल झालं.

"लकडी है अंकल, रंग तो छोडेगी," दिल्लीत आमच्या सरोजिनी नगरचा शोभेचे मासे विकणारा हसला.

मूळ टाकीत ठेवलं. सकाळी दोन मासे मधोमध चिरलेले होते आणि मुळावर ताजे घाव. वाळूत काही धारदार असेल म्हणून मी तळाची सगळी वाळू बदलली. दुसऱ्या सकाळी आणखी तीन मासे गेले.

एकच उरला. उल्का रडायला लागली. "आजोबा, ते बाहेर काढा ना!"

"अहो, हात घालू नका," बायको म्हणाली.

मी मूळ घट्ट धरून ओढलं. हात सहज वर आला, जराही दुखलं नाही.

खाली नव्या वाळूवर माझी पाचही बोटं मूळ धरून होती.