शेवटचं सूतभर

"ह्यांना पूर्ण झोपवा हो. स्वतःच्या हाडावरची करवत ऐकवणार नाही ह्यांना," सुताराच्या बायकोने भूलतज्ज्ञांना विनवलं. सडलेला पाय गुडघ्याखाली कापायचा होता आणि सुताराचं हृदय जेमतेम तग धरून होतं. "झोपवलं तर कदाचित उठायचे नाहीत, काकू. फक्त पाय बधिर करतो." "चाळीस वर्षं करवतच ऐकतोय," सुतारकाका हसले. "आज लाकूड घरचं, एवढंच." पडद्यापलीकडे करवत सुरू झाली, तेव्हा मात्र त्यांनी भूलतज्ज्ञांचं मनगट आवळलं. मॉनिटरवरचे ठोके अडखळत धावू लागले. भूलतज्ज्ञांनी झोपेच्या औषधाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. तेवढ्यात करवतीचा सूर बदलला. "पोरी," काका करवत चालवणाऱ्या तरुण सर्जनला म्हणाले, "शेवटचं सूतभर हळू काप. घाईत कड फुटते." करवत मंदावली. मनगटावरची पकड सैलावली. "सरळ आलं ना?" पडद्यापलीकडे सर्जनने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हो, काका."