उपाशीपोटी

"आमच्या घराण्यात नाही हो कोणाला असलं काही," सासूबाई म्हणाल्या. "हे गेले ते गाडी चालवताना. अपघातच तो."

सुनेने रिपोर्टची घडी पुन्हा उघडली. बालवाडीतल्या तिच्या लेकीचं कोलेस्टेरॉल म्हाताऱ्या माणसासारखं निघालं होतं. जनुकात एक बदलही सापडला होता. तो आईकडून आलाय की बाबांकडून, आणि त्यांच्या हृदयाची काय गत आहे, हे कळल्याशिवाय एवढ्याशा जिवाला औषध सुरू करायला संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या.

तिचं रक्त स्वच्छ निघालं. नवऱ्याचंही.

नवरा एकटाच, ऑफिसला जाता जाता रक्त देतो म्हणून निघाला होता. "आधी रक्त, मग घास," असं बजावून तिने त्याला उपाशीपोटी धाडलं होतं.

त्याच सकाळी दादा टपकला. "काय गं, खायला आहे का काही? रात्रीपासून पोटात कावळे ओरडतायत!" म्हणत त्याने बिस्किटांचा डबाच फस्त केला. भाची झेपावली तर एक हात आखडता ठेवून तिला दुसऱ्याच हाताने कसंबसं उचललं.

"म्हातारा झालास रे," ती हसली.

हे स्थळ दादानेच आणलेलं. त्याचा जिवलग मित्र. "डोळे मिटून हो म्हण," म्हणाला होता.

मग पोरीत हे आलं कुठून? सासूबाई स्पष्ट बोलत नव्हत्या. नात कोणावर गेलीय, एवढंच येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होत्या.

"अरे, तू तरी बोल ना काहीतरी!" ती नवऱ्याला म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतोय?" त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच बोलावलं. दार लावून घेतलं.

"काय विचारणार ते ठाऊक आहे मला," ती बसायच्या आधीच म्हणाली. "माझ्या आयुष्यात दुसरं कोणी नाही. लेकीची शपथ."

"मी ते विचारतच नाहीये." बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "बाबांचं म्हणून आलेलं रक्त मुलीशी जुळतंय, पण बापाइतकं नाही. तुमच्याशी मात्र निम्म्याने जुळतंय. नवरा-बायकोचं असं जुळत नसतं."

तिने पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"तुम्हाला सख्खा भाऊ आहे ना?"