पतिरामची राखण

चुलतभाऊ देवेंद्रनं तक्रार केली, वनखात्यानं पतिरामला डोंगरावरच्या अतिक्रमणातून उठवलं, त्याला आठ वर्षं झाली. नांगर थांबला तशी जुन्या खुंटांना फूट आली. आता तेंदू, साग, पळस डोक्याच्या वर गेले होते.

भर एप्रिलच्या दुपारी वनरक्षक अल्कानं त्या जंगलाच्या कडेला पतिरामला गाठलं. समोर वाळक्या पाल्याचा ढीग.

"काऊन हो पतिरामभाऊ, जमीन गेल्याचा राग जंगलावर काढून राहिले? काडी लावता?"

"नीट पाहा, मॅडम."

तिनं पाहिलं. जंगलाभोवती चार हात रुंदीचा पट्टा झाडून लख्ख केला होता, बाहेरचा वणवा आत शिरू नये म्हणून. आजूबाजूचं सगळं जळतं आणि एवढंच जंगल दरसाल कसं वाचतं, ते तिला आज कळलं. तिचा आवाज खाली आला.

"एवढी माया!"

पतिराम पच्चकन थुंकला.

"माया? थो खाली देवेंद्रचा उन्हाळी धान पाहा. दोन साल झाले, या जंगलातले डुकरं त्याच्या बांधीत लोळून राहिले. डुकरं तं आले. आता मले वाघ पायजे."