पिवळा बोळा

कापसाचा बोळा पिवळा झाला, तशी ती थांबली. अस्सल जुना रंग असा सुटून येत नाही. मागाहून कुणी चढवलेला असला तरच येतो.

सात महिने ती हे वादळाचं चित्र साफ करत होती. थुंकी लावून काम करणं तिच्या धंद्यात शिवी नव्हे. जुना मळ थुंकीनेच हलका निघतो. तोंडाला कोरड पडेपर्यंत तिने लाटा पुसल्या, कललेलं जहाज पुसलं. आज रंग सोडवणाऱ्या औषधाचा बोळा घेऊन ती क्षितिजावरच्या पिवळ्या तिरिपेवर आली होती. लोक यायचे ते ती तिरीप बघायला. आणि नेमकी तीच खोटी निघावी!

संग्रहालयाचे सर आले. जहाज म्हणजे माणूस, वादळ म्हणजे नियती, तिरीप म्हणजे आशा, असं त्यांनी पुस्तिकेत छापून ठेवलेलं. बोळा पाहून त्यांचा चेहरा उतरला. राहू दे तेवढी, कुणाचं काय बिघडतंय, असं म्हणत ते घुटमळले. चित्रकाराचं नाही ते काढायचं, हा नियम तिला त्यांनीच शिकवलेला. शेवटी तुझ्यावर सोडतो म्हणाले आणि गेले.

सगळे तिच्यावरच सोडत होते. डॉक्टरांनीही तिलाच बाहेर बोलावून सांगितलं, बाबांचे फार तर दोन महिने. त्याला पंधरा दिवस झाले. बाबा रोज विचारत, रिपोर्ट आले का. अजून नाही, पण चांगलेच येतील, असं ती रोज सांगे. सांगून सांगून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

तिने नवा बोळा भिजवला. दुपार कलेपर्यंत तिरीप पुसली गेली. खाली नुसता अंधार असेल असं तिला वाटलं होतं. निघाली एक होडी, नखाएवढी. तीत चार माणसं, चौघंही वल्हवत होती. किनारा कुठेच नव्हता.

हात धुऊन तिने घरी फोन लावला.

"बाबा, रिपोर्ट कधीच आलेत. चांगले नाहीयेत."

पलीकडे त्यांनी लांब श्वास सोडला.

"माहीत होतं गं. पण तू इतकं जीव तोडून सांगायचीस, तुझं मन मोडवेना." त्यांनी आवाज खाली आणला. "लवकर ये आज. आईला कसं सांगायचं, ते आता दोघं मिळून बघू."