आंब्यांची पेटी

भाडं वाढवायला येताना घरमालक गोंधळेकरकाका आंबे आणत. आंबे जितके जास्त, तितकी वाढ मोठी. यंदा त्यांनी अख्खी पेटीच आणली, तेव्हा नलूताईंनी विचारलं, “काका, भांडी बांधायला घेऊ का?”

“छे हो. आहे तेच भाडं द्या, पण जाऊ नका. समोर एवढे टॉवर झालेत, की माझ्या वरच्या मजल्याला भाडेकरू मिळेना.”

नलूताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. पूर्वी तिथे टेकडी दिसायची. संध्याकाळी तिच्याकडे बघत त्यांचे यजमान एक कप चहा तासभर पुरवायचे. ती टेकडी झाकली म्हणून टॉवरना नलूताईंनी किती शिव्या घातल्या होत्या.

यजमानांची खुर्ची अजून खिडकीशीच होती.

“राहते,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या वर्षी दोनच आंबे आणा.”