बिननावाची कॅसेट

"अगं, आज तरी राहू दे ती कॅसेट," ड्वेन म्हणाला. "डॉक्टरकडे चाललोय आपण."

तोवर मार्लिसचं बोट बटणावर गेलंही होतं. गावाबाहेरची पाण्याची टाकी आली की तिचा हात आपसूक तिकडे जायचा. खेळाचा नियमच तसा होता. शाळेत असताना तिने आणि रोंडाने मिळून केलेला.

एकीने गाणी निवडून कॅसेट भरायची आणि गुपचूप दुसरीच्या पत्रपेटीत टाकायची. वर काही लिहायचं नाही. दुसरीने ती टाकीपाशी सुरू करायची आणि गाडी हाणायची. गाणी रस्त्यावर बरोबर बसली पाहिजेत. पुलाचं गाणं पुलावर, तळ्याचं तळ्याकाठी. बसली तर रस्ता बरोबर, नाही तर परत टाकीपाशी येऊन दुसरा रस्ता धरायचा. कॅसेट संपेल तिथे मैत्रीण थंडगार बिअर घेऊन वाट बघत बसलेली असायची.

शेवटच्या कॅसेटचा रस्ता काही मार्लिसला सापडला नाही. अंधार पडेपर्यंत ती भटकली आणि चिडून घरी आली. रोंडा मात्र घरी आलीच नाही. ती नाही आणि तिची गाडीही नाही. उत्तर मिनेसोटातली तळी ती किती, रानं ती किती! पोलीस थकले, गावकरी थकले. पण कॅसेट संपते तिथे रोंडा अजून आपली वाट बघत्येय, हे काही बारा वर्षांत मार्लिसच्या डोक्यातून गेलं नाही. रात्री झोपेतसुद्धा तिला ती गाणी ऐकू यायची.

शोधायला आलेल्या लोकांत ड्वेन होता. बाकीचे आपापल्या कामाला लागले, हा राहिला. गाणी लागली की मार्लिसचे डोळे भरून यायचे, रस्ता दिसायचा नाही. मग तोच म्हणाला, "तू नुसती ऐक. गाडी मी चालवतो." असा माणूस मिळतो कुठे? तिने त्याच्याशी लग्न केलं.

रविवारी चर्चमधून आले की दोघं एखादा रस्ता धरायचे. ड्वेन गाडी इतकी जपून चालवायचा, की मागचे ट्रॅक्टरवालेसुद्धा भोंगे वाजवायचे. "हरणं मध्ये येतात," तो म्हणायचा. एकाही रस्त्यावर गाणी बसली नाहीत.

आज चालवत होती ती. ड्वेन शिडीवरून पडला होता आणि त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. त्यात निघायला उशीर झालेला, म्हणून मार्लिसने पिकअप भरधाव सोडली होती. दोघांचे कॉफीचे मग समोर काचेखाली वाफाळत होते.

"हळू, बाई. हरणं..."

"हरणांना म्हणावं, आज बाजूला व्हा."

हमरस्ता खणून ठेवला होता. फलकावरच्या बाणाने त्यांना रेल्वे फाटकाच्या जुन्या रस्त्यावर काढलं. हा रस्ता तर त्यांनी सगळ्यात आधी बाद केला होता. आगगाडीचं गाणं तेव्हा फाटकाच्या किती तरी अलीकडे संपलं होतं.

पिकअप रुळांवरून खडखडत गेली आणि त्याच क्षणी गाण्यातली शिटी वाजली.

मार्लिसच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ड्वेन! ऐकलंस?"

"योगायोग गं. उजवीकडे वळ, बाण बघ."

"कसला योगायोग! अरे, आपण गोगलगायीसारखे जात होतो तेव्हा. रोंडा कधी हळू चालवायची का? माझ्या कसं लक्षात आलं नाही!"

"डॉक्टर आपल्यासाठी थांबायचा नाही, मार्लिस."

"ती बारा वर्षं थांबलीय!"

तिने गाडी सरळ नेली.

"पुढे काय आहे रे?"

"मला काय माहीत? फाटकाच्या पुढे मी जन्मात गेलो नाही. असतील शेतं."

शेतं होतीच. मग रान लागलं. घंटांचं गाणं सुरू झालं आणि झाडांमागून एकटंच पांढरं चर्च पुढे आलं. मार्लिस रडत होती, हसतही होती. "आले गं, आले," ती पुटपुटली. तिला वाटलं, पुढच्या वळणावर रोंडा उभी असेल, तशीच, तेव्हाच्याच वयाची. भीती वाटली, पण पाय काही ब्रेककडे जाईना.

"मागे फिर," ड्वेन म्हणाला. "हात ठणकतोय माझा."

"एवढं एकच बघू दे, राजा. एवढंच."



घंटांचं गाणं संपलं आणि कॅसेटवर नुसती खरखर उरली. तिथे ती नेहमीच यायची. रोंडाचा हात चुकला असेल, असं ड्वेन म्हणायचा. मार्लिसला मात्र दर वेळी वाटायचं, त्या खरखरीत कुणीतरी श्वास धरून बसलंय.

समोर चढ होता. पलीकडचं काही दिसत नव्हतं. पिकअप माथ्यावर आली आणि रस्ता एकदम पायाखालून गेला. खाली ओढा होता. गाडी दाणकन आपटली, उसळली, वर आली. मार्लिसचा मग उडून सगळी कॉफी तिच्या मांडीवर सांडली. आणि पुढचं गाणं सुरू झालं.

"अगं बाई!" ती ओरडली. "या दणक्यासाठी! तिच्या गाडीत दणका बसला की गाणं अडकायचं, म्हणून तेवढी जागा कोरी सोडलीन बयेने! हाच रस्ता, ड्वेन, हाच! फडकं दे आधी, भाजलं मेलं."

फडक्यासाठी हात पुढे करून ती त्याच्याकडे वळली.

ड्वेनच्या अंगावर कॉफीचा थेंबही नव्हता. चढाच्या अलीकडे, खरखर सुरू होताच, त्याने आपला मग उचलून हवेत धरला होता.